व्हाया जबलपूर

जबलपूरच्या बडा फुहाऱ्यापाशी संध्याकाळी मान वर करून चालायची सोय नाही. समोरून स्कूटर येते, बाजूने हातगाडी, आणि दोहोंच्या मधून वाट काढत जो तो सराफ्याकडे नाही तर कमानिया गेटकडे सरकत असतो. तरी एकदा खोव्याची जलेबी घ्यावी, काळपट, जाड, पाकाने जड झालेली, आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून वर बघावं. खांबावर काळ्या तारांचं घरटं दिसतं. त्यातल्या कितीतरी तारा कधीच्याच मेलेल्या असतात. कोणत्या, ते खांबावर चढणाऱ्यालाच ठाऊक. ज्या जिवंत आहेत त्यांच्यातल्या काहींच्या पोटात केसापेक्षा जरा जाड काच असते, आणि त्या काचेच्याही नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून उजेड धावतो. गल्लीतल्या घरांची बँक, शिकवणी, पुण्यातल्या नातवाचा व्हिडिओ कॉल, सगळं त्या उजेडात.

घरट्यातल्या दोन तारा माझ्या ओळखीच्या आहेत. भांड्यांच्या एका दुकानावरच्या माडीत, आमच्या केबलवाल्या काकांकडे त्या उतरतात. काकांनी एके काळी गच्चीवर डिश लावून गल्लीला सिनेमे दाखवले. आता ते गल्लीला नेट देतात. माडीत एक रॅक, दोन राउटर, एक इन्व्हर्टर, भिंतीवर गजाननमहाराज. दुसरी तार त्यांनी हौसेने घेतली होती. पहिली एका कंपनीकडून, दुसरी दुसऱ्या कंपनीकडून, वेगळ्या रस्त्याने आलेली. एक तुटली तर दुसरी आहेच.

मग एका दुपारी कुठेतरी जेसीबीने खोदलं आणि पहिली तुटली. मी तेव्हा माडीतच बसलो होतो. काका शांत होते. दुसऱ्या तारेचा दिवा हिरवा होता, पडद्यावर सेशन अप होतं. पण पाच मिनिटांत फोन सुरू झाले. जबलपुरी मराठीत काका मला म्हणाले, “अरे, इथल्या साइटा खुलतायत, बाहेरच्या नाही. जातंय सगळं, येत काही नाही.”

जातंय सगळं, येत काही नाही. नेटचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आपण पत्र टाकतो तेव्हा ते कोणत्या वाटेने जावं हे आपलं पोस्ट ठरवतं, पण उत्तर कोणत्या वाटेने यावं हे समोरच्याचं पोस्ट ठरवतं. जायची वाट आणि यायची वाट यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. काकांच्या माडीतून निघालेली मागणी दुसऱ्या तारेने समुद्रापार सुखरूप पोचत होती. तिथलं यंत्र उत्तर द्यायला तयारही होतं. फक्त काकांकडचे पत्ते आता या दुसऱ्या वाटेने पोचतात, हे तिकडच्या कुणाला पटलेलं नव्हतं.

पटायला हवं म्हणजे कुणाला? आणि कसं? इथून पुढे मला खरी गंमत वाटू लागली.

आपण ‘इंटरनेट’ असं एकवचनात म्हणतो, पण ती आहेत संस्थानं. जगभरात पाऊण लाखाच्या आसपास. प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र, प्रत्येकाला एक क्रमांक: बीएसएनएल ९८२९, एअरटेल ९४९८, जिओ ५५८३६, टाटा कम्युनिकेशन्स ४७५५, गूगल १५१६९. या क्रमांकाला एएस नंबर म्हणतात. कंपनी केवढीही असो, या कारभारात ती एक क्रमांक आणि पत्त्यांचे काही गठ्ठे. काकांकडेही एक क्रमांक आणि २५६ पत्त्यांचा एक गठ्ठा आहे. यापेक्षा लहान गठ्ठ्याची दखल जगाच्या बाजारात सहसा कुणी घेत नाही. या संस्थानांवर सार्वभौम सत्ता कुणाचीच नाही. अमुक गठ्ठा तमुक वाटेने जाईल, असं ठरवणारं मध्यवर्ती कार्यालय दिल्लीत नाही, वॉशिंग्टनलाही नाही.

मग चालतं कसं? शेजारी शेजाऱ्याला सांगतो. काकांचा राउटर वरच्या कंपनीला म्हणतो, हे २५६ पत्ते माझ्याकडे आहेत. ती कंपनी आपला क्रमांक पुढे जोडून तिच्या शेजाऱ्यांना सांगते, ते त्यांचा जोडून पुढे. बातमी सावो पावलोला पोचते तेव्हा तिच्या कपाळावर अख्खा प्रवास लिहिलेला असतो: याच्याकडून, त्याच्याकडून, व्हाया अमका, व्हाया तमका.

‘व्हाया’ या शब्दाशी जबलपूरचं जुनं नातं आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेले जीआयपी रेल्वेचे रूळ आणि कलकत्त्याकडून अलाहाबादमार्गे आलेले ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ याच गावात एकमेकांना भेटले, आणि मुंबई ते कलकत्ता सलग रेल्वे झाली. कंपन्या दोन, मालक वेगळे, हिशेब वेगळे. पण रुळांचं माप एकच, साडेपाच फूट, म्हणून गाठ बसली. पुढे १९०० मध्ये नागपूरवरून थेट हावड्याला जाणारा दुसरा रस्ता पुरा झाला. तेव्हापासून भुसावळला वाटा फुटतात: एक इटारसी-जबलपूर-अलाहाबादवरून, दुसरी नागपूरवरून. हावड्याच्या दोन मेल आजही या दोन वाटांनी धावतात. एकीकडे मालगाडी घसरली की दुसरीकडून गाड्या वळवतात. एका गावाला दोन कंपन्यांच्या दोन वाटा, हेच नेटवाल्यांचं ‘मल्टिहोमिंग’. रेल्वेला मात्र एक सोय आहे. गाडी वळवायची तर कंट्रोलमधला माणूस फोन उचलतो. नेटमध्ये फोन उचलणारा कुणी नसतो. असतो फक्त शेजाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास.

शेजाऱ्याशी बोलण्याची ही भाषा म्हणजे बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला तंत्रज्ञांची एक बैठक होती. जेवणाच्या सुट्टीत सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी तिचा आराखडा हात पुसायच्या कागदी रुमालांवर काढला. पुढे तिला सुधारणांची ठिगळं पुष्कळ लागली, पण स्वभाव तोच राहिला: शेजारी जे सांगेल ते खरं. १९८९ मध्ये ते ठीकच होतं. संस्थानं मोजकी, कारभारी एकमेकांना नावाने ओळखणारे.

त्या भाबडेपणाची किंमत २४ फेब्रुवारी २००८ ला दिसली. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा हुकूम निघाला. पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशापुरती युक्ती केली: यूट्यूबचे पत्ते माझ्याकडेच आहेत, असं आपल्या राउटरना सांगायचं आणि येईल ती मागणी खड्ड्यात टाकायची. ही घरातली गोष्ट चुकून बाहेर, हाँगकाँगच्या वरच्या कंपनीच्या कानावर गेली. तिने न तपासता जगाला सांगितली. यूट्यूब स्वतः १०२४ पत्त्यांचा गठ्ठा जाहीर करत होतं, पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलेच २५६ जाहीर केले. राउटरचा नियम टपाल छाटणाऱ्यासारखा असतो. एका खोक्यावर ‘जबलपूर’ आणि दुसऱ्यावर ‘बडा फुहारा, जबलपूर’ लिहिलं असेल, तर फुहाऱ्याचं पत्र दुसऱ्या खोक्यातच पडतं. जास्त नेमकी पाटी जिंकते. जगातल्या मोठ्या भागात यूट्यूब सुमारे दोन तास गायब झालं, ते याच साध्या नियमाने. आपल्याकडेही १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या ५५४१० या क्रमांकाने दुसऱ्यांचे ३० हजारांहून जास्त गठ्ठे आपलेच असल्याचं जगाला सांगून टाकलं होतं. चुकून.

म्हणून शहाणा शेजारी ऐकतो, आणि मग वहीत बघतो.

ही वही म्हणजे इंटरनेट रूटिंग रजिस्ट्री. एवढ्या तांत्रिक जगात इतकी साधी वस्तू पायाशी असेल, असं मला वाटलं नव्हतं. युरोपातल्या नेटवाल्यांच्या ‘राइप’ या मंडळाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली. १९९५ च्या सुमाराला मिशिगनमध्ये मेरिट नेटवर्कने ‘आरएडीबी’ नावाची वही उघडली, ती अजून चालू आहे. १९९९ मध्ये नोंदी कशा लिहायच्या याची एक सामाईक रीत ठरली. वह्या आजही अनेक आहेत आणि एकमेकींच्या नकला बाळगतात. कुणीही उघडून वाचाव्यात, कुलूप नाही. आत यंत्राची भाषा नाही, किराणा दुकानाच्या खात्यासारख्या ओळी आहेत. डावीकडे खात्याचं नाव, उजवीकडे मजकूर:

रूट: २०३.०.११३.०/२४
ओरिजिन: एएस ६४५००
राखणदार: (ज्याच्या सहीशिवाय ही नोंद बदलता येत नाही त्याचं नाव)

हा पत्ता आणि हा क्रमांक कुणाचेच नाहीत. गणिताच्या पुस्तकातल्या रामरावांसारखे ते उदाहरणांसाठी मुद्दाम राखून ठेवलेत. तिसऱ्या ओळीचं नाव मी मराठीत केलंय, पण खऱ्या नोंदीही एवढ्याच अशिक्षित दिसतात. अर्थ इतकाच: हा गठ्ठा ६४५०० या क्रमांकाच्या घरून निघतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ऐकू नका.

दुसरी नोंद असते ‘एएस-सेट’. लग्नाच्या पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहितात, त्यातल्या परिवाराची ही नावनिशी यादी. वरची कंपनी या यादीत लिहून ठेवते की माझ्यामागून हे हे क्रमांक येणार आहेत. त्या क्रमांकांच्या आपापल्या परिवाराच्या याद्या असतात, त्यांच्यामागून आणखी कुणी. यादीत यादी, तिच्यात यादी.

आणि ही यादी बघून आत सोडणारा दारावरचा माणूस? बहुतेक ठिकाणी तो एक छोटा प्रोग्राम आहे, आणि त्याची पाळी बऱ्याचदा रात्रीची असते. फ्रँकफर्टमधल्या, सिंगापूरमधल्या मोठ्या कंपनीत तो उठतो, आपल्या गिऱ्हाइकाची यादी उघडतो, यादीतल्या यादीत शिरतो, प्रत्येक क्रमांकाच्या नावावर वहीत कोणते गठ्ठे आहेत ते गोळा करतो, आणि सकाळपर्यंत राउटरच्या हातात नवी पाहुणेयादी देतो. पाहुणेयादीत नाव नसलेला गठ्ठा शेजाऱ्याने कितीही छातीठोकपणे सांगितला, तरी बाहेरच राहतो. जगाच्या रस्त्यांवर आज दहा लाखांच्या घरात गठ्ठे फिरतायत, त्यातल्या कितीतरींचा दाखला या साध्या ओळींतून काढलेला असतो. भांड्यांच्या दुकानावरच्या माडीचं नाव तिथे रोज रात्री वाचलं जातं. किंवा वाचलं जात नाही.

काकांचं वाचलं जात नव्हतं.

का, ते शोधायला दोन तास लागले. त्यात मी फक्त चहा आणला. शोधणारा मुलगा रिज रोडवरच्या भारतरत्न भीमराव आंबेडकर टेलिकॉम प्रशिक्षण संस्थेत एक कोर्स करून आलेला होता. दूरसंचार खात्यातले लोक तिथे १९४२ पासून देशभरातून शिकायला येतात. टेलिकॉमचा कारखानाही असलेल्या या गावात तारांचं वेड नवं नाही. त्या मुलाने वही उघडली आणि बोट ठेवलं. काकांच्या गठ्ठ्याची रूट नोंद होती, पण ओरिजिनपुढे क्रमांक पहिल्या कंपनीचा होता. काकांना स्वतःचा क्रमांक मिळायच्या आधी त्या कंपनीने त्यांच्या वतीने नोंद करून टाकली होती आणि नंतर कुणीच ती बदलली नव्हती. भाडेकरू घर सोडून गेला आणि दारावरची पाटी तशीच राहिली. शिवाय दुसऱ्या कंपनीने काकांना तार दिली, बिल दिलं, पण आपल्या परिवाराच्या यादीत त्यांचा क्रमांक घातला नव्हता. लग्नाला बोलावलं, पाहुणेयादीत नाव लिहायचं राहिलं.

आता ‘इथल्या खुलतायत, बाहेरच्या नाही’ याचा उलगडा झाला. दुसऱ्या कंपनीने स्वतः काकांचं म्हणणं हाताने मान्य करून घेतलं होतं. मुंबईत इंटरनेट एक्सचेंजवर तिच्या शेजारी बसलेल्यांनी वही न बघता तिचं ऐकलं, म्हणून देशातली रहदारी बऱ्यापैकी परत येत होती. समुद्रापारच्या तिच्या वरच्या कंपनीने वही बघितली, तिला ना यादीत क्रमांक दिसला, ना क्रमांकावर गठ्ठा, आणि तिने काकांची बातमी मुकाट्याने खाली टाकली. मुकाट्याने, हा यातला सगळ्यात छळवादी भाग. नकाराची चिठ्ठी येत नाही. दिवा हिरवाच राहतो. पहिली तार धडधाकट होती तोवर यातलं काही कळायलाही मार्ग नव्हता, कारण सगळं जग तिच्यावरूनच येत होतं. दुसरी तार महिनोन् महिने भाडं खात शोभेला होती.

मग मुलाने दोन्ही कंपन्यांना पत्रं लिहिली आणि एक नोंद केली. आपल्याकडे पत्ते आणि क्रमांक वाटायचं काम ‘निक्सी’च्या छत्राखालची आयआरआयएनएन ही नोंदणी करते, तिच्यावर आशिया-पॅसिफिकची एपनिक, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. गठ्ठ्याचा धनी असल्याचा पुरावा दिला की त्यांच्या वहीत आपली ओळ आपल्याला लिहिता येते. “झालं ना?” काकांनी विचारलं. “झालं. आता रात्र व्हायची वाट,” मुलगा म्हणाला. काकांना ते फारच अपमानास्पद वाटलं. त्यांच्या गल्लीतलं नेट कुठल्यातरी परक्या गावी रात्र होण्यावर अवलंबून असावं!

या वहीची मी फार आरती ओवाळणार नाही. ती मूळची स्वयंघोषणा आहे, आणि स्वयंघोषणेचे सगळे रोग तिला आहेत. काही वह्या लिहिणाऱ्याला ‘हा गठ्ठा तुझा कशावरून’ असं विचारतच नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये याचाच फायदा घेऊन चोरी झाली. कुणीतरी ‘ऑल्टडीबी’ या मोफत वहीत एका ब्रिटिश होस्टिंग नेटवर्कच्या परिवारात चक्क अमेझॉनचा १६५०९ हा क्रमांक घातला, अमेझॉनच्या २५६ पत्त्यांची रूट नोंद केली, आणि दुसऱ्या दिवशी ते पत्ते आपल्याकडे वळवले. दारावरच्या माणसाने वही बघितली, नाव सापडलं, आत सोडलं. त्या पत्त्यांवर सेलर ब्रिज नावाच्या क्रिप्टो सेवेचं पान होतं. लोकांचे सुमारे २ लाख ३५ हजार डॉलर गेले. वही वाचणारा चोख होता. लिहिणारा चोर होता.

यावर उतारा म्हणून गेली काही वर्षं ‘आरपीकेआय’ रुजतंय: नोंदीला गणिती सही, आणि सहीचा अधिकार पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडूनच आलेला. स्वयंघोषणापत्र आणि डिजिटल सहीचा सातबारा यांत जो फरक तोच. पण सातबारा जमीन कुणाची ते सांगतो, शेताकडे जायची पाणंद कुणाच्या बांधावरून जाते ते सांगत नाही. वर सांगितलेल्या चोराने उगम म्हणून अमेझॉनचाच क्रमांक लावला होता, स्वतःला फक्त वाटेतला दाखवलं होतं. कोण कुणामागून येतो, ही परिवाराची गोष्ट आजही प्रामुख्याने जुन्या वहीतच बघतात. त्यामुळे काकांनी दोन्ही केलं: सातबाराही काढला, वहीही नीट केली.

पहिली तार त्याच संध्याकाळी जोडून झाली. तुटलेली जागा किती मीटरवर आहे ते ओटीडीआर नावाच्या यंत्राच्या पडद्यावर दिसतं. पोरांनी तिथे जाऊन खड्ड्याच्या कडेला बसून काचेची दोन टोकं ठिणगीने सांधली. नवी नोंद जगभर वाचली गेली ती त्यानंतर, गरज संपल्यावर.

पुढच्या आठवड्यात एका रात्री तीन वाजता आम्ही पुन्हा माडीत जमलो. काकांनी ठरवलं होतं, या वेळी जेसीबीची वाट बघायची नाही. बडा फुहारा त्या वेळी ओळखू येत नाही. सगळी शटर बंद, चौकात दोन गाई आणि एक पोलीस. काकांनी पहिल्या राउटरमधली पिवळी तार स्वतः उपसली. मुलगा मोबाइलवर सेकंद मोजत होता. त्याच्या लॅपटॉपवर अ‍ॅमस्टरडॅममधला एक सार्वजनिक राउटर उघडलेला होता, आमच्या २५६ पत्त्यांकडे जायची वाट दाखवणारा. अठ्ठावीस, एकोणतीस. ओळ नाहीशी झाली. काकांनी गजाननमहाराजांकडे बघितलं. एकेचाळिसाव्या सेकंदाला ओळ परत आली, मधले क्रमांक बदललेले, शेवटचा तोच, काकांचा.

काकांनी चष्मा वर सरकवून ती ओळ उजवीकडून डावीकडे वाचली, एकेका क्रमांकावर बोट ठेवत, स्टेशनं मोजल्यासारखी. मग पिवळी तार परत खोचली आणि म्हणाले, “चला, पोहे मिळतात का कुठे बघू.”